तिसरी रिंग

मित्रांनो, मी एक जुना फोन आहे आणि मी कुणाचाच नाही. तुमच्या घरातल्या फोनांना मालक असतो. त्यांच्या पोटात मालकाचे फोटो असतात, गाणी असतात, आत्याच्या लग्नाचा व्हिडिओ असतो. माझ्या पोटात फक्त काही नंबर आहेत: रेक्टरबाई, फाटकावरचे पहारेकरी काका, दवाखाना, प्लंबर, अग्निशमन दल. मी विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहातला ड्यूटीचा फोन आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझी भावंडं दुकानांच्या काचेत जाऊन ऐटीत बसली. मी खोक्यातून थेट वसतिगृहाच्या ऑफिसात आलो. रेक्टरबाईंनी मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, दिसायला ठोकळा आहे, पण पडला तर फुटणार नाही. मला मिळालेली ही पहिली शाबासकी. मग माझ्या पाठीवर लाल चिकटपट्टी लागली, माझा नंबर प्रत्येक खोलीच्या दाराला आतून चिकटला, आणि मी कामाला जुंपला गेलो.

ऑफिस संध्याकाळी बंद होतं, पण मुलींच्या अडचणी ऑफिसच्या वेळा पाळत नाहीत. म्हणून संध्याकाळनंतर आणि सुट्टीच्या दिवशी वरच्या वर्गातल्या मुली आळीपाळीने ड्यूटी करतात. जिची ड्यूटी असेल तिने आवाराबाहेर जायचं नाही आणि मला नजरेआड करायचं नाही. मी जेवणाच्या ताटाशेजारी बसलो आहे, अभ्यास करणाऱ्यांच्या मांडीवर बसलो आहे, आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला असा न्हाणीघराच्या खिडकीतही बसलो आहे. तिथे मला वाफेचा फार त्रास व्हायचा, पण कामाला लाजून कसं चालेल?

रेक्टरबाईंनी माझ्यासाठी एक नियम घालून दिला होता. फोन हातातून हातात जाईल, टेबलावरून नाही. नवी ड्यूटीवाली आली की ती आधी स्वतःच्या मोबाईलवरून मला वाजवून बघायची. पूर्ण तीन रिंग होऊ द्यायच्या. मग देणारी म्हणायची, "दिला." घेणारी म्हणायची, "घेतला." तोवर जबाबदारी जुन्या मुलीचीच. नव्या मुलींना याचं हसू यायचं. एकदा मध्यरात्रीच्या पावसात भिजत फ्यूज बदलावा लागला की मग हसू जायचं.

किती तऱ्हेचे फोन मी घेतले म्हणून सांगू! किल्ली खोलीत आणि मुलगी बाहेर, हा तर रोजचाच. कुणी चहाचं आधण गॅसवर ठेवून अभ्यासात बुडायची आणि धुराचा भोंगा वाजायचा. एकीने खोलीत वटवाघूळ शिरलं म्हणून रडत फोन केला. ते छत्रीचं सुटलेलं कापड निघालं. परीक्षेच्या आदल्या दिवशी पोटात दुखणाऱ्या तर रांगेने असायच्या.

या सगळ्या ड्यूटीवाल्यांत मला लळा लागला तो काकूचा. ती काही वयाने काकू नव्हती. पण 'जेवलीस का', 'स्वेटर घाल' असं सगळ्यांना विचारत फिरायची, म्हणून पोरींनी तिला काकू करून टाकलं. ती मला नेहमी पूर्ण चार्ज करूनच पुढच्या हातात द्यायची. कायद्याचं शिकणारी तिची मैत्रीण, जिला सगळे वकीलसाहेब म्हणायचे, ती मला अर्धमेला करून परत आणायची. काकू तिला म्हणायची, की अगं, उपाशी माणसाला कुणी कामाला पाठवतं का? हे ऐकून मला फार बरं वाटायचं.

एका वर्षी वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत एक नवी मुलगी आली. तिचं नाव कुणाला फारसं ठाऊकच नव्हतं, सगळ्या तिला कोपरेवाली म्हणत. तिचा फोन मला लगेच ओळखू यायचा. दोन रिंग व्हायच्या आणि कट. थोड्या वेळाने पुन्हा दोन रिंग आणि कट. वकीलसाहेब वैतागायची. पैसे वाचवायला मिस्ड कॉल देते, फुकटी कुठली, असं म्हणून ती मला पालथा घालून ठेवायची.

काकू मात्र दर वेळी उलटा फोन करायची. तिकडून उत्तर यायचं, की काही नाही ताई, बल्ब गेलाय, उद्या बदलला तरी चालेल. काकू जिना चढून वर जायची. बल्ब बहुतेक वेळा जागेवर आणि चालू असायचा. मग ती तिथेच खुर्ची ओढून बसायची, घरचं विचारायची, अभ्यासाचं विचारायची, आणि पुष्कळ वेळाने खाली यायची. वकीलसाहेबने विचारलं, तर काकू एवढंच म्हणाली, "चालू बल्बासाठी कुणी फोन करत नाही गं."

पुढे वसतिगृहात अ‍ॅप आलं. तक्रार मोबाईलवर लिहायची, फोटो जोडायचा आणि बटण दाबायचं. नव्याची नवलाई असतेच. कुणी उठायला नको, जिने चढायला नकोत, सगळ्या मुली खूश झाल्या. रेक्टरबाईंनाही वाटलं, की पोरींच्या मागची कटकट गेली. माझी गरज उरली नाही.

ज्या संध्याकाळी मला ऑफिसात जमा करायचं होतं, त्या संध्याकाळी काकूचीच ड्यूटी होती. तिने मला नेहमीसारखा चार्ज केला होता. समोर घ्यायला कुणी नव्हतं. कारकून मान खाली घालून लिहीत होते. काकूने मला टेबलावर ठेवलं, सवयीने "दिला" म्हणाली आणि क्षणभर थांबली. "घेतला" असं कुणीच म्हणालं नाही. कारकुनांनी मला बंद न करताच खणात सारलं, कुलूप लावलं आणि ते घरी गेले. मला तेव्हा वाईट वाटलं, हे मी लपवणार नाही. गरज सरो नि वैद्य मरो, असंच झालं होतं. आणि या घाईत एक गोष्ट सगळ्यांच्याच ध्यानातून निसटली. प्रत्येक दारावर नंबर अजून माझाच होता.

दुसऱ्याच दिवशी सुट्ट्या लागल्या. वसतिगृह रिकामं झालं. कोपरेवाली मात्र गेली नव्हती. अभ्यास राहिला आहे असं तिने घरी कळवलं होतं. आई रोज फोन करायची आणि ती रोज बरी आहे म्हणायची. ती मागे राहिली आहे हे वसतिगृहात कुणालाच माहीत नव्हतं.

एका दुपारी मी खणात वाजलो. दोन रिंग आणि कट. मित्रांनो, माझं काळीज असतं तर ते लक्कन हललं असतं. माझी माणसं कुठेच नव्हती, आणि मला स्वतःहून उलटा फोन करता येत नाही. पुन्हा दोन रिंग, पुन्हा कट. बाहेर मुंगीही नव्हती.

मग पावलं वाजली. काकूचा अभ्यासक्रम संपला होता आणि ती खोलीची किल्ली परत द्यायला आली होती. वकीलसाहेब तिला निरोप द्यायला सोबत होती. कारकून जेवायला गेले होते. दोघी बाकावर टेकल्या आणि मी तिसऱ्यांदा वाजलो. दोन रिंग आणि कट.

काकू ताडकन उठली. म्हणाली, "ही तीच आहे."

वकीलसाहेबने मोबाईल काढून पाहिला. "अ‍ॅपवर तर काहीच आलेलं नाही."

"अ‍ॅपवर लिहायला माणसाला उठून बसता यायला हवं," काकू म्हणाली आणि पळाली.

पुढचं मी खणातून पाहिलं नाही, नंतर ऑफिसात बोलणं झालं ते ऐकलं. काकूने दार ठोठावलं, आतून उत्तर नाही. पहारेकरी काकांनी त्यांच्याकडच्या चावीने दार उघडलं. मुलगी दाराजवळ जमिनीवर पडली होती, तापाने फणफणलेली. दोन दिवस पोटात पाणीही टिकलं नव्हतं. मोबाईल हाताशी होता आणि डोळे दारावरच्या नंबराकडे. तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, की संध्याकाळपर्यंत राहिली असती तर हातची गेली असती. चार दिवसांनी ती उठून बसली, तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

काकूने तिला विचारलं, की वेडे, फोन कट का करतेस? ती म्हणाली, "ताई, दोन रिंगांत कुणी उचलला, तर आपला त्रास होत नाही असं समजायचं. नाही उचलला, तर उगाच कशाला कुणाला छळायचं?"

हे ऐकून वकीलसाहेब तडक रेक्टरबाईंकडे गेली, असं म्हणतात. रेक्टरबाईंनी स्वतः खण उघडून मला बाहेर काढलं. नळ आणि दिवे अ‍ॅपवर राहिले. दारावरचा नंबर माझाच राहिला आणि ड्यूटीही पुन्हा सुरू झाली.

आता मी म्हातारा झालो आहे. माझं पाचाचं बटण दोनदा दाबावं लागतं. तुमच्याकडे माझं थोडकंच मागणं आहे. मला पुसू नका, सजवू नका, पण मला वाजता येईल इतकं पोटभर ठेवा. आणि तुमचा फोन कधी दोन रिंगांत थांबला, तर त्या माणसाला फुकट्या म्हणण्याआधी एकदा उलटा फोन करा.

काकू नोकरीला लागून दूर गेली. नवं वर्ष सुरू झालं आणि पहिल्याच संध्याकाळी मला घ्यायला एक नवी ड्यूटीवाली आली. वकीलसाहेबने मला तळहातावर धरलं. या वेळी मी पूर्ण चार्ज होतो. समोर कोपरेवाली उभी होती. तिने आपल्या मोबाईलवर माझा नंबर लावला.

एक रिंग झाली. दुसरी झाली. तिचं बोट बटणावर होतं. आता कट करणार, असं मला सवयीने वाटलं.

तिसरी रिंग वाजली.

"दिला," वकीलसाहेब म्हणाली.

"घेतला," ती म्हणाली, आणि मला दोन्ही हातांत घेतलं.