सैरुसी मास्तरांचा बिनखर्ची प्रिंटर

प्रिंटर कुठला घ्यावा याचा सैरुसी मास्तरांनी जेवढा विचार केला, तेवढा त्यांनी लग्न करतानाही केला नव्हता. हे त्यांची बायको केलेराच म्हणायची, आणि म्हणण्याचा हक्क तिचाच होता. हेडमास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर मास्तरांनी एक ग्रंथ लिहायला घेतला होता. विषय होता 'आपल्या गावाची वाटून खाण्याची रीत'. चर्चच्या वर्धापनदिनी तो पाद्रीबाबांच्या हातात ठेवायचा आणि फिजीतल्या रेवा नदीच्या दोन्ही काठांवर नाव करायचं, असा बेत होता. पण ग्रंथ म्हटला की तो छापून पाहायला हवा, खोडायला हवा, पुन्हा छापायला हवा. त्यासाठी दर वेळी बसने नौसोरी शहरात जाऊन दुकानदाराला पानामागे पैसे मोजायचे, हे मास्तरांच्या जिवावर यायचं.

राजधानीतल्या, सुवाच्या दुकानातला प्रवीण त्यांना पाहिलं की माल आवरल्याचं सोंग करायला लागला होता.

"मास्तर, हा घ्या ना. सगळ्यात स्वस्त हाच आहे."

"अन् ह्याची शाईची डबी?"

"ती... जरा महाग पडते."

"म्हणजे बैल फुकट आणि वैरण सोन्याच्या भावाने! दोनदा डबी बदलली की तेवढ्यात नवा प्रिंटर येईल. तो टाकीवाला दाखव, बाटलीने शाई भरायचा. कागदाच्या दोन्ही बाजूंना छापतो ना? फिकट छापायची सोय आहे? नुसत्या काळ्या शाईवर चालतो का? आणि मधे बंद ठेवला तर शाई वाळून तोंड बुजतं म्हणे, तर ते किती दिवसांनी?"

प्रवीणने शेवटी चहा मागवला. मास्तरांचं सगळं बरोबर होतं, हे मात्र कबूल करायला हवं. टाकीवाला प्रिंटर घेताना महाग, पण पुढे एका पानाचा खर्च इतका कमी की सांगितलं तर हसू येईल. कागद, शाई, वीज, सगळ्याचा हिशेब त्यांनी करून ठेवला होता. राहिला होता फक्त गावाचा हिशेब, आणि तो कुठल्याच दुकानात करून मिळत नाही.

गावात केरेकेरे चालतं. नात्यातल्या माणसाने मागितलं की द्यायचं. आज मी तुझी कुदळ नेली, उद्या तू माझी कोंबडी ने. कुदळ परत आली नाही म्हणून कोणी विचारत नाही आणि कोंबडी तर परत यायचा प्रश्नच नसतो. नाही म्हणायला तोंड आहे, पण ते उघडून कोणी बघितलेलं नाही. आणि त्या गावात मास्तरांच्या नात्यात नसलेला माणूस शोधायचा तर पाद्रीबाबांपासून सुरुवात करावी लागली असती, तेही कडाव्वू बेटावरचे होते म्हणून. प्रिंटर दिसला असता तर आठवड्याभरात रग्बी क्लबच्या पावत्या, चर्चची गाणी, नोकरीचे अर्ज आणि नातवंडांचे फोटो छापता छापता टाक्या कोरड्या पडल्या असत्या.

यावर मास्तरांनी काढलेला तोडगा असा, की प्रिंटर कोणाला दिसूच द्यायचा नाही. देण्याघेण्यावर ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाला हे सुचताना जराही अवघडल्यासारखं झालं नाही, याचंच मला कौतुक वाटतं.

खोकं त्यांनी नव्या चटईत गुंडाळून आणलं. मयतीला चटई न्यायची तिथली रीत, त्यामुळे चटई घेऊन माणूस बसमध्ये चढला की तो मयतीलाच निघालेला असणार.

"कोण गेलं, मास्तर?" शेजारच्या बाईने हळूच विचारलं.

"नावुआकडचे एक. लांबचे."

"अरेरे. वय काय होतं?"

"झालं होतं."

बाई हळहळली आणि केळ्यांची फणी चटईवर ठेवून उतरली. मास्तर नको म्हणू शकले नाहीत. केळी गोड निघाली, पण केलेराने एकही खाल्लं नाही.

"मेलेल्या माणसाचं तरी नाव ठरवा," ती म्हणाली. "उद्या मला चारचौघी विचारतील."

प्रिंटर आतल्या खोलीत चटईखाली गेला. छापताना तो करकर वाजायचा, म्हणून मास्तर चर्चमधल्या गायनाची तालीम सुरू व्हायची वाट बघत. तालीम सुरू झाली की इकडे पानं सुरू. केलेरा गायला जायची, तिला ते दारात बजावायचे, "आज चौदा पानं आहेत. जरा मोकळ्या आवाजात गा."

"देवासाठी गाऊ की तुमच्या यंत्रासाठी?" ती म्हणायची. सुरुवातीला ती हे हसून म्हणायची, नंतर नंतर नुसतंच म्हणायची. लपवाछपवीचा खरा भार तिच्यावर होता. बायका तिच्याशी बोलत, हसत, पण तिला आपलं उगाच वाटे की सगळ्या आपल्या तोंडाकडेच बघताहेत.

मास्तर खूश होते. फिकट काळ्या अक्षरांत, कागदाच्या दोन्ही बाजूंना, ग्रंथाचं चौथं प्रकरण छापून झालं होतं. 'जो लपवतो तो एकटा जेवतो' असं एक वाक्य त्यात त्यांना विशेष जमलं होतं.

तेवढ्यात अकानिसी आत्या गेली. मास्तरांच्या वडिलांची बहीण, सगळ्या गावाची आजी. आई आजारी असताना लहानग्या सैरुसीला तिनेच पाठीवर घेऊन वाढवलं होतं. मास्तर अंगणात उभ्या उभ्या रडले, आणि ते रडणं खरं होतं. पाऊस आठवडाभर थांबला नव्हता, रेवा फुगली होती आणि नौसोरीचा रस्ता पाण्याखाली गेला होता. प्रेतयात्रेची पत्रिका छापून आणायची कुठून? फोटो नाही, गाण्यांचे शब्द नाहीत, आत्याच्या आयुष्याच्या चार ओळी नाहीत. असं कोणाचं झालं नव्हतं.

सभागृहात यांगोनाच्या मुळीच्या पेयाचं भांडं मधे ठेवून सगळे बसले. कोणी म्हणालं होडीने जाऊ, कोणी म्हणालं हाताने लिहू. मास्तरांचा मामेभाऊ इनोके समोरच होता. आते-मामेभावांनी थट्टेत एकमेकांना सोडायचं नाही, अशी तिथली रीतच आहे, आणि इनोके ती इमानाने पाळायचा. पण आज तो मास्तरांकडे चुकूनही बघत नव्हता. त्या न बघण्यानेच मास्तरांना घाम फुटला.

"माझ्याकडे," ते खाली बघत म्हणाले, "म्हणजे घरी... एक प्रिंटर आहे."

कोणी दचकलं नाही. गावप्रमुख सावकाश म्हणाले, "उपकार झाले, मास्तर. पण काळ्या शाईतच छापा. तुम्हाला जड जायला नको."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मास्तर," इनोके म्हणाला, "चटईत गुंडाळलेलं चौकोनी मढं आम्ही अजून बघितलं नाही. आणि आमची मंडळी गाताना मधेच थांबली की तुझ्या घरातून एक सूर पुढे चालूच राहायचा."

"मग कोणी मागायला का नाही आलं?"

इनोकेने थट्टा थांबवली. "गावप्रमुखांनी सांगितलं होतं. आपल्याच माणसांपासून वस्तू लपवतो म्हणजे बिचारा फारच तंगीत असणार. त्याच्याकडे काही मागू नका. त्याला लाज वाटेल."

सबंध गाव आपल्यावर वर्षभर दया करत होतं, हे कळल्यावर मास्तरांना जे वाटलं ते लिहायला त्यांच्या ग्रंथात प्रकरण नव्हतं. त्यांनी पत्रिका रंगीत छापली, जाड कागदावर, सगळ्यात गडद. आत्याच्या केसांतलं जास्वंदीचं फूल इतकं लाल आलं की लोक त्यावरून बोट फिरवत होते. निळी टाकी तळाला गेली, तरी मास्तर छापतच होते.

दिवसकार्य उरकल्यावर त्यांनी प्रिंटर उचलून ओसरीवर मांडला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. शेजारी कागदाचा गठ्ठा ठेवला. स्वतः खुर्ची टाकून बसले.

कोणी आलं नाही.

लोक नमस्कार करत, पावसापाण्याचं विचारत आणि पुढे जात. रस्ता सुरू झाल्यावर रग्बी क्लबचा चिटणीस पावत्या छापायला मास्तरांच्या डोळ्यांदेखत नौसोरीच्या बसमध्ये चढला. काटकसरीच्या हिशेबाने पाहिलं तर मास्तर जिंकले होते. असा प्रिंटर पृथ्वीच्या पाठीवर नसेल. घरात यंत्र आणि खर्च शून्य.

केलेरा मात्र एका संध्याकाळी भांडी घासता घासता रडायला लागली.

"शेजारच्या सेरुवायाचं मीठ संपलं होतं," ती म्हणाली. "आपल्या दारावरून गेली आणि तीन घरं पुढे जाऊन मागून आणलं. लग्न होऊन आल्यापासून ती माझ्याकडेच मागते. ह्या गावात माझ्याकडे आता कोणी काही मागत नाही. मी काय पाहुणी आहे?"

मास्तरांनी तिच्यासाठी पाणी आणलं. ती ते प्यायली नाही. पुस्तकी उपाय त्यांना एकही सुचेना, त्यांचं सगळं लिखाण द्यावं कसं यावर होतं.

शनिवारी रग्बी सेव्हन्सचा अंतिम सामना होता, फिजी आणि न्यूझीलंड. इनोकेच्या मुलाने परदेशातून, पलटणीतून पैसे पाठवून बापाला भिंतीएवढा टीव्ही घेऊन दिला होता. इनोके सकाळपासून त्यावरची धूळ पुसत होता. मास्तर त्याच्या दारात जाऊन मांडी घालून बसले आणि खाली मान घालून म्हणाले, "इनोके, केरेकेरे. तुझा टीव्ही हवाय."

इनोकेच्या हातातलं फडकं तिथेच थांबलं. "आज?"

"आत्ता."

"सामना संपल्यावर नेलास तर?"

"मागताना अटी घालत नाहीत."

इनोकेने टीव्हीकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, मग पुन्हा टीव्हीकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर एवढं दुःख आत्याच्या मयतीलाही नव्हतं. आणि मग तो हळूहळू हसायला लागला, शेवटी खांबाला धरून हसला.

"ने, लबाडा, ने! इतक्या दिवसांनी तोंड उघडलंस, तेही कशासाठी!" तो बायकोला ओरडून म्हणाला, "अगं, मास्तर माणसात आला! पलीकडून धर जरा!"

टीव्ही जिकडे, तिकडे गाव. दुपारी मास्तरांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांतूनही डोकी आत आली होती. सेरुवायाने आल्या आल्या केलेराचं मोठं पातेलं न विचारता उचललं, दालोचे कंद उकडायला टाकले आणि "तुझ्याकडे नारळ आहेत ना गं?" म्हणत फोडायलाही घेतले. केलेरा तिच्यावर खेकसली, आणि खेकसताना तिचे डोळे भरून आले.

मध्यंतरात इनोके ओसरीवर आला. त्याने प्रिंटरभोवती एक फेरी मारली.

"मास्तर, केरेकेरे. पोराचा गणवेशातला फोटो हवाय. मोठा. रंगीत."

"आणि माझ्या मुलीच्या लग्नाचा," मागून कोणीतरी म्हणालं.

"क्लबच्या पावत्या पण उरल्यात," चिटणीस म्हणाला.

मास्तर उसळले. "निळ्या शाईची बाटली केवढ्याला येते, माहीत आहे का तुम्हाला?"

"कुठून माहीत असणार?" इनोके म्हणाला. "तू चटईखाली ठेवली होतीस ना."

आख्खं घर हसलं. मास्तरांनी प्रिंटर चालू केला आणि जाड कागद कुठे ठेवलाय, ते केलेराला ओरडून विचारलं.