उपासाच्या दिवशीची घंटा

मी एक हातघंटा बोलतेय. बोलतेय हे आपलं सवयीनं म्हणते. माझी जीभ, म्हणजे आतला लोलक, कधीचीच काढून घेतलीय. जन्म ओतशाळेतला, अंग पितळेचं, मूठ अक्रोडाच्या लाकडाची. बैलगाडीतून मैदानं ओलांडत अमेरिकेतल्या युटाच्या या खोऱ्यात आले आणि विलोबेंड गावच्या शाळेत अल्वा क्रेसवेल मास्तरांच्या टेबलावर बसले.

मास्तरांचा दंडक होता: मी वाजले की बोलणं बंद, मग बोलणारे खुद्द मास्तर का असेनात. नवं पोर आलं की त्याला उभं करून म्हणायचे, "नाव सांग. बापाच्या नावासकट, मागच्या बाकाला ऐकू जाईल असं." पोरं लटलट कापायची, पण सांगायची.

पुढे गावानं त्यांना विधिमंडळात धाडलं. परत आले की हसून म्हणायचे, "तिथल्या दाढीवाल्या पोरांपेक्षा माझी शाळा बरी." मग ते बिशप झाले, म्हणजे गावाचे धर्मप्रमुख, आणि मी प्रार्थनाघराच्या टेबलावर गेले. त्या काळच्या मॉर्मन पंथाच्या रीतीनं त्यांना दोन बायका होत्या. थोरली ड्रुसिला, धाकटी डेन्मार्ककडची मेटा. दोघींच्या चुली वेगळ्या, आणि कुरबुरीही होत्याच.

मग वॉशिंग्टनच्या सरकारचा कायदा आला. दोन बायकांच्या नवऱ्याला तुरुंग. मास्तरांची विधिमंडळातली जागा गेली आणि मार्शलची, म्हणजे सरकारी पोलीस अंमलदाराची, माणसं खोऱ्यात हुंगत फिरू लागली. मास्तर गवताच्या गंजीत लपू लागले. मला ड्रुसिलाच्या घरी आणलं, आणि अनोळखी माणूस दिसला की तिनं मला वाजवायचं, असं ठरलं. ज्या आवाजाला पोरं धावत यायची, त्याच आवाजाला आता माणसं पळू लागली. मला माझ्याच आवाजाची धडकी भरायची.

एकदा मात्र मार्शलचा माणूस इतका अचानक आला, की ड्रुसिलाला मला उचलायलाही सवड मिळाली नाही. त्यानं मेटाच्या थोरल्या लेकीला, कारेनला, अंगणात गाठलं.

"बाळ, तुझा बाप कोण गं?"

"ठाऊक नाही."

हे तिला मास्तरांनीच पढवलं होतं. गंजीतून त्यांनी ते ऐकलं, आणि तेव्हापासून त्यांचं जेवणातलं लक्षच उडालं.

त्यानंतर मेटाला दुसरी मुलगी झाली. आमच्यात महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सगळं गाव उपास करतं आणि प्रार्थनाघरात जमतं. तिथं बापानं तान्ह्या बाळाला हातांवर घेऊन आशीर्वाद द्यायचा, त्याचं नाव मोठ्यानं सांगायचं.

"दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या बाळ," ड्रुसिला म्हणाली. "नुसतं इंगर म्हणू दे त्याला. बापाचं नाव कशाला?"

"एका लेकीला मी मुकी केलीय," मास्तर म्हणाले. "दुसरीला नाही करणार."

"आणि धरून नेलं तर? दोन घरं मी एकटीनं ओढायची?"

"आताही तूच ओढतेयस."

ड्रुसिलानं मला उचलून मांडीवर घेतलं.

त्या गुरुवारी मागच्या बाकावर एक परका माणूस बसला होता. शेजारच्या खोऱ्यातला म्हणे. ज्याला त्याला "भाऊ, भाऊ" म्हणत होता, भजनंही सगळी तोंडपाठ. कुणाला शंका आली नाही. मास्तर पडद्यामागून पुढे आले आणि त्यांनी बाळाला हातांवर घेतलं. तेवढ्यात त्या माणसाचा हात खिशात गेला. बिस्किटाचा तुकडा तोंडात टाकून तो सावकाश चघळू लागला.

आदल्या दिवसापासून त्या खोलीत कुणाच्या तोंडात कण गेला नव्हता. मला मांडीवर घेऊन बसलेल्या ड्रुसिलानं ते चघळणं पाहिलं. तिच्या घामानं माझी मूठ ओली झाली.

तिनं मला वाजवलं, अंगातलं सगळं बळ लावून. माणसं उठून उभी राहिली. मागचं दार उघडंच होतं. मास्तरांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. माझा आवाज आला की अर्ध्या शब्दावर थांबणारा हा माणूस. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला.

"इंगर. अल्वा क्रेसवेल आणि मेटा यांची मुलगी."

मागच्या बाकाला ऐकू गेलं.

त्यांनी बाळ ड्रुसिलाच्या हातात दिलं आणि त्या परक्यापुढे बेड्यांसाठी मनगटं धरली. मेटा भिंतीला टेकून ते पाहत होती. संध्याकाळी ड्रुसिलानं पकडीनं माझी जीभ उपटली. "तुझं ऐकलं नाही त्यांनी," ती म्हणाली, "आणि माझंही." मग ती रडली. दोन्ही घरं तिनं ओढली. मास्तर तुरुंगातून खोकला घेऊन आले आणि फार जगले नाहीत.

आता तो काळ राहिला नाही, ती रीतही राहिली नाही. इंगर त्याच शाळेत शिकवते आणि मी तिच्या खिडकीत असते. काल तिनं लोहाराकडून माझ्यासाठी नवी जीभ करून आणलीय. पोरी, लाव ती. पण अनोळखी बुटांचा आवाज आला की अजून माझं अंग गार पडतं. म्हणून एवढंच कर: पहिला टोला दिलास की शाळेच्या दारात उभी राहा आणि पोरं कुठल्या दिशेनं पळतात ते मला सांग. ती आत येत असली, तर मी पुन्हा वाजेन.