परत आलेला फेटिया

कुरिअरवाल्या बबलूने परत आलेलं पार्सल हातात दिलं तेव्हाच उर्वशीला ते हलकं लागलं. तिच्या आईने, हंसाबाईने शिवलेला फेटिया असा हलका नसतो. फेटिया म्हणजे बंजारा बाईचा घेरदार घागरा, आणि या फेटियावर तर आरसे, कवड्या आणि दोऱ्याचं काम इतकं दाट होतं की नेसणारीला उठता-बसता त्याचं वजन कळावं. पाच महिने खपून हंसाबाईने तो शिवला होता. एक डोळा मोतीबिंदूने गेलेला, दुसऱ्याने शिवला होता.

उर्वशीने मोबाइल खिडकीत उभा केला, रेकॉर्डिंग चालू केलं, पार्सलच्या सहाही बाजू दाखवल्या, लेबलावरचा नंबर मोठ्याने वाचला आणि मग टेप कापली. आतून निघाला कुठल्यातरी सेलमधला गुलाबी घागरा. छापील नक्षी, डिंकाने चिकटवलेले प्लॅस्टिकचे आरसे आणि कमरेला इलास्टिक.

हंसाबाईने तो बोटाने उचलून पाहिला. "हे कोनाचं हाये?"

"आपलंच हाये म्हणते ते गिऱ्हाईक. बनावट माल पाठवला म्हणते."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. आणि बोंब ऐकणारी ऑनलाइन विक्रीची कंपनीही अशी की तिला बोंब मारणाऱ्याचाच आवाज ऐकू येतो. संध्याकाळी उर्वशीच्या फोनवर मेसेज आला: बनावट मालाची तक्रार आहे, सात दिवसांत समाधानकारक पुरावा द्या, नाहीतर आपलं दुकान कायमचं बंद करण्यात येईल.

दुकान म्हणजे काय, तर फोनच्या पडद्यावरचं एक पान. पण फुलसावंगीजवळच्या त्या तांड्यातल्या अकरा बायका त्या पानावर आपलं काम विकत होत्या. बटवे, तोरणं, आरसेकामाच्या चोळ्या म्हणजे कांचळ्या, फेटिये. उर्वशीने बी.कॉम. झाल्यावर पुण्याला न जाता ते पान उघडलं होतं, आणि दोन वर्षांत अशी वेळ आणली होती की ज्या बायका निंदणाला जाताना शिवणाचं गाठोडं पेटीत टाकून जायच्या, त्या आता निंदणाला जायला कुरकुरत होत्या. ते पान बंद झालं तर ही सगळी गाठोडी पुन्हा पेटीत जाणार होती.

उर्वशीने पुरावा पाठवला. पाठवताना भरल्याचा व्हिडिओही तिच्याकडे होता, आणि घोडं तिथेच पेंड खात होतं. हंसाबाईचा एक नेम होता. लग्नाकार्याचा फेटिया पुरा झाला की तो उलटा करून घडी घालायची, वरून काळा दोरा बांधायची. नेसणारीच्या आधी त्याचं तोंड कोणी पाहिलं तर नजर लागते. उर्वशीला हे पटत नव्हतं, पण आईने पाच महिने काम केलंय, एवढं तिच्या मनासारखं होऊ दे, म्हणून तिने फेटिया तसाच, उलटा, कॅमेऱ्यासमोर खोक्यात ठेवला होता.

कंपनीचं उत्तर आलं, व्हिडिओत मालाची दर्शनी बाजू दिसत नाही.

उर्वशीने फोन लावला. पाऊण तास गाणं ऐकल्यावर एक मुलगा बोलला. तिने त्याला समजावलं, की बाबा, उलटी बाजू तर जास्त खरी. हाताच्या टाक्याची मागची गाठ दिसते, प्रत्येक आरशाच्या मागे दोरा कसा फिरलाय ते दिसतं. आता परत आलेला घागरा उलटा करून बघ, मागे कोरं कापड आहे. टाकाच नाही. एवढं लहान पोरालाही कळेल.

"मॅडम, सिस्टममध्ये दर्शनी बाजू लागते," तो म्हणाला. गाढवापुढे वाचली गीता म्हणावं, तर गाढव निदान समोर तरी उभं असतं.

मग तिने लेबलावरचं नाव फोनवर शोधलं. स्पृहा, यवतमाळ. तिसऱ्या मिनिटाला फोटो सापडला. कोणा मैत्रिणीच्या संगीतात ही बाई नाचत होती, आणि अंगावर हंसाबाईचा फेटिया होता. शंकाच नको. खालच्या घेरात एक कवडी कमी पडली होती, तिथे हंसाबाईने जुन्या सदऱ्याचं शिंपल्याचं बटण लावलं होतं. फोटो मोठा केला की बटण दिसत होतं. नाचून झालं, फोटो काढून झाले, शंभर जणांनी 'किती सुंदर' म्हणून झालं, आणि मग बाईसाहेबांना माल बनावट वाटला.

तो फोटोही तिने पाठवला. उत्तर आलं, समाजमाध्यमांवरची छायाचित्रं ग्राह्य नाहीत.

चौथ्या दिवशी तांड्याच्या नायकाने, किसनसिंगने, तिला बोलावलं. तांड्यातली भांडणं त्याच्या ओट्यावर मिटत. सत्तरी गाठलेला माणूस, पण आवाज अजून खणखणीत. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"वाद दोघीयचा ना?"

"हो."

"मंग हे मधात तिसरं कोन हाये?"

"कंपनी."

"ते कुठं बसते?"

"माईत नाही, नायक."

"न्याय कोन करते तिथं?"

"मशीनच करत असन."

किसनसिंग ओट्यावरून उठला. "ज्याच्या तोंडाकडं पाह्यता येत नाही, तो न्याय कायचा? पत्ता हाये ना तुह्याजवळ? चाल. समोरासमोर बसू."

उर्वशीने सांगून पाहिलं. गिऱ्हाइकाशी परभारे बोलायचं नाही हा कंपनीचा नियमच होता. घरी जाणं म्हणजे तर हात दाखवून अवलक्षण. तक्रार झाली तर उरलेले तीन दिवसही मिळणार नाहीत. पण दुसरा रस्ता तिला तरी कुठे दिसत होता? हंसाबाईने पोलकं बदललं आणि दारात येऊन उभी राहिली. तिलाही यायचं होतं.

सकाळच्या एसटीने तिघं यवतमाळला गेली. घर चांगलं होतं, फाटकाशी जास्वंद, दारावर पितळी पाटी. दार सुनीतीबाईंनी उघडलं. त्या स्पृहाच्या आई, सरकारी नोकरीतून नुकत्याच निवृत्त झालेल्या. बोलणं मऊ. त्यांनी तिघांना पोर्चमधल्या खुर्च्यांवर बसवलं, पाणी आणलं, आणि कशासाठी आलात ते ऐकताच त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मुलीला हाक मारली.

स्पृहा कानातलं काढत बाहेर आली. "तुम्हाला घरचा पत्ता कुणी दिला?"

"पार्सलवर होता," उर्वशी म्हणाली. "तुमीच लिहिला."

"मी जे आलं तेच परत केलं. रिफंडही झाला. काही असेल तर कंपनीशी बोला ना."

उर्वशीने फोन तिच्यापुढे धरला. "मंग हे काय घालून नाचून राह्यल्या तुमी?"

"तो भाड्याने आणला होता."

"भाड्याच्या फेटियाले माह्या याडीनं, ह्या माह्या मायनं, लावलेलं बटन कसं आलं?"

"बटणं काय जगात एकच असतात?" स्पृहा म्हणाली. "आणि हे बघा, परत आलात तर मी कंपनीला कळवीन, की विक्रेते घरी येऊन धमकावतात."

हंसाबाई त्या मुलीच्या कमरेकडे पाहत होती, जणू फेटियाचं माप बरोबर बसलं होतं की नाही हे तिला अजून ठरवायचं होतं.

किसनसिंगने हात वर केला. "बस झालं. पोरी, आईच्या डोक्यावर हात ठेव आन् म्हन, जे आलं तेच परत केलं. तू म्हनली का आमी उठलो."

उर्वशीला हायसं वाटलं, हे मात्र खरं. शपथेपाशी आल्यावर भलेभले गळपटलेले तिने लहानपणापासून पाहिले होते. रामलालने शेजाऱ्याची बकरी वर्षभर आपली म्हणून सांभाळली, पोलिसांनाही बधला नाही. पण आईच्या डोक्यावर हात ठेव म्हटल्यावर तो ओट्यावरच रडायला बसला होता.

स्पृहा हसली. टेबलावर हात टेकवावा तसा तिने आईच्या पिकल्या केसांवर हात टेकवला. "जे आलं तेच परत केलं. झालं?"

सुनीतीबाईंनी ट्रे खाली ठेवला. त्यांनी एकदा आतल्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"झालं," किसनसिंग म्हणाला. "राम राम." आणि तो उठला.

"नायक, ते खोटं बोलून राह्यली."

"असन. शपथ झाली. शपथेच्या वर माहा न्याय नाही."

फाटकाबाहेर येईपर्यंत उर्वशीने तोंड मिटून ठेवलं. बसस्टँडवर मात्र तिचा बांध फुटला. कंपनीवरचा, त्या पोरीवरचा सगळा राग तिने त्या म्हाताऱ्यावर काढला. "तुमचा न्याय तांड्यात चालते, नायक, कारन तांड्यात मानसाले उद्या पुन्हा तोंड दाखवा लागते. तिले कोनाले तोंड दाखवाचं हाये? तुमाले का मले? तुमी तं तिले सुटी देऊन आले." आजूबाजूचे लोक वळून पाहत होते, पाहू देत. किसनसिंग बाकावर बसून ऐकत राहिला. त्या ऐकण्याने तिचा राग आणखीच वाढला.

बस लागायला वेळ होता. तेवढ्यात एक ऑटो येऊन थांबली आणि सुनीतीबाई उतरल्या. हातात कापडी पिशवी. त्यांनी पिशवी हंसाबाईच्या मांडीवर ठेवली. आत फेटिया होता. त्याला अत्तराचा वास येत होता, नेफ्यावर चेहऱ्याच्या पावडरीचा डाग पडला होता आणि बरेच आरसे निखळले होते.

"तिला माहीत नाही मी आले ते," सुनीतीबाई म्हणाल्या. मग किसनसिंगकडे वळून खालच्या आवाजात, "ती शपथ तेवढी उतरवा. मला बीपी आहे. खोटी शपथ माझ्या डोक्यावर आहे हो."

"मले नाही उतरवता येत, बाई. ज्याचा वाद त्यानं म्हटलं 'उतरली', तरच उतरते." त्याने उर्वशीकडे बोट केलं.

सुनीतीबाईंनी उर्वशीचा हात धरला. "म्हण ना बाळा. एक शब्द."

"म्हनते, काकू. पोरीले दोन ओळी लिहाले लावा कंपनीले. माल बरोबर होता. बस, एवढंच."

"तिच्या नावावर फसवणूक लागेल गं. नोकरीत विचारतात. उद्या स्थळं यायची."

"आन् अकरा बायकायच्या नावावर लागली तं चालते?"

उर्वशीने आपला नंबर सुनीतीबाईंच्या फोनमध्ये टाकला. "उद्या सहा वाजेपर्यंत वाट पाहतो. फेटिया आमचा हाये, तो ठेवतो. शपथ तुमची तुमच्यापाशी."

बसमध्ये हंसाबाई निखळलेल्या आरशांच्या जागा बोटाने चाचपत होती. आर्णी गाव मागे पडल्यावर ती म्हणाली, "म्हनून टाकाचं होतं. त्या बाईचा काय गुन्हा?"

"आपन दारात पानी पीत होतो तवा फेटिया आत होता, याडी. तिले माईत होतं."

फेटिया हाती आला, पण तो दाखवायची सोय नव्हती. दाखवला तर घरी गेल्याचं कबूल होत होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार दुसरा कोणता असतो?

तशीही त्याची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारीच मेसेज आला. विक्रेत्याने ग्राहकाच्या घरी जाऊन त्रास दिल्याची तक्रार मिळाली आहे, दुकान कायमचं बंद करण्यात येत आहे. स्पृहाने दोन ओळी लिहिल्या होत्या, फक्त त्या ह्या होत्या. उर्वशीने पान उघडून पाहिलं. अकरा बायकांची कामं गेली होती, नावं गेली होती, पांढरा पडदा होता. संध्याकाळपर्यंत एकेक करून सगळ्या बायका अंगणात आल्या. कोणी तिला बोल लावला नाही. बोल लावला असता तर बरं, असं तिला वाटत राहिलं.

दिवेलागणीला सुनीतीबाईंचा फोन आला. उर्वशीने तो स्पीकरवर टाकला.

"सकाळपासून डोकं जड झालंय माझं. बीपी वाढलंय, डॉक्टर म्हणाले. स्पृहाला खूप सांगितलं, ती हसते. अंधश्रद्धा आहे म्हणते. तू शिकलेली आहेस बाळा. तुझंही झालं गेलं आता. एकदा म्हण ना, उतरली."

शपथेने कोणाचं बीपी वाढत नाही हे उर्वशीला ठाऊक होतं. काकू, काही होत नाही, गोळी घ्या आणि झोपा, असं म्हणायला तिला कष्ट पडले नसते. समोर हंसाबाई कंदिलाच्या अगदी जवळ फेटिया धरून एका डोळ्याने डाग पाहत होती, आणि मान हलवून तिला म्हण म्हण करत होती.

"पोरीले म्हना, काकू," उर्वशी म्हणाली. "हात तिचा होता."

तिने फोन बंद केला. तो लगेच पुन्हा वाजला. हंसाबाईने फेटिया बाजूला ठेवून हात पुढे केला. उर्वशीने फोन दिला नाही.