आप्पांनी पास केलेल्या नऊ कॉइली

घराला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत आप्पा हाय व्होल्टेजच्या कॉइली बनवत. केसाइतक्या बारीक तारेचे हजारो वेढे, दर थरावर कागद, आणि मग सगळं साच्यात ठेवून वरून रेझिन ओतायचं, जे नंतर दगडासारखं घट्ट होतं. वेढे कोणीही घालेल, असं ते म्हणत. खरी कसोटी ओतण्यात. रेझिनमध्ये मोहरीएवढा हवेचा बुडबुडा राहिला तरी दहा हजार व्होल्टला त्याच्या पोटात ठिणग्या सुरू होतात. कॉइल लगेच मरत नाही. आतल्या आत कुरतडली जाते, आणि दोन-चार महिन्यांनी फुटते.

म्हणून त्यांचे सोपस्कार फार. कॉइल आदल्या दिवशी भट्टीत वाळवायची. रेझिन कोमट करायचं, सावकाश ढवळायचं. "भांडण काढल्यासारखं ढवळू नकोस गं," ते सुनेला सांगत. मग जाड स्टीलच्या पातेल्यात ठेवून पंपाने हवा ओढायची. रेझिन उतू जाणाऱ्या दुधासारखं वर येतं आणि खाली बसतं. पातेल्यावर हवेचा दाब दाखवणारा काटा होता, पण तो स्वस्तातला; आप्पांचा भरवसा कानांवर. हवा निघत असेपर्यंत पंपाच्या तोंडाशी बारीक फुसफुस चालते, ती थांबली की काम झालं. शेवटी तयार कॉइल पेटीत बंद करून व्होल्टेज चढवायचं आणि लांब प्लास्टिकची नळी कानाला लावून ऐकायचं. चर्र असं काही आलं की कॉइल भंगारात. नाहीतर आप्पा खडूने तिच्यावर लिहीत : गप्प.

ऐकायचं काम ते कोणाला देत नसत. त्या मंगळवारी सकाळी मात्र दारात पार्सलवाला आला, सही करायला आप्पा बाहेर गेले, आणि सुनेने सहज नळी कानाला लावली.

आप्पा परत आले तर तिचा चेहरा गोंधळलेला.

"आप्पा, ही बोलतेय."

"कोण?"

"कॉइल. तेलात मिरची टाकल्यासारखं ऐकू येतंय."

आप्पांनी नळी घेतली. ऐकलं. दुसरा कान लावला. "काही नाही. रस्त्यावरचा आवाज असेल."

"रस्त्यावरचा नाही. आत्ताही चाललाय. मला नळीशिवायही थोडा येतोय."

"तीस वर्षं मी हेच करतोय," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. सुनेने पेटीचा वीजपुरवठा बंद केला, कॉइल उतरवली आणि करवत त्यांच्यासमोर ठेवली.

कापायला अर्धा तास लागला. आतल्या थरात बुडबुडा सापडला, आणि त्यातून निघालेल्या, झाडाच्या मुळांसारख्या काळ्या बारीक रेषा. आप्पांनी भिंगातून ते पाहिलं आणि भिंग खाली ठेवलं.

"आधीच्यांचं काय?" सुनेने विचारलं.

"आधीच्या मी स्वतः ऐकल्या होत्या," ते म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच कळलं. पंपाची फुसफुस हल्ली लवकर थांबते, याचा त्यांना केवढा आनंद वाटला होता! पंपात नवीन तेल घातल्याचा गुण, असं सगळ्यांना सांगत सुटले होते.

जेवताना त्यांनी बायकोला विचारलं, "माझे कान कसे वाटतात गं तुला?"

ती हसली नाही. "वर्ष झालं. पाखरं ओरडतात ती ऐकू येत नाहीत तुम्हाला. दारची बेल येत नाही. मला आधी वाटायचं, फक्त माझंच ऐकू येत नाही."

यानंतर तीन दिवस आप्पांनी काहीच केलं नाही, हेही सांगायला हवं. त्या वर्षात त्यांनी नऊ कॉइली 'गप्प' म्हणून दिल्या होत्या. ती नऊ गिऱ्हाइकं ते मनात घोळवत राहिले, फोन हातात घेत आणि ठेवून देत. काय सांगायचं? मी बहिरा झालो, आणि तरी तुम्हाला ऐकून दिलं? सुनेने दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा ते पंप खोलून बसले.

चौथ्या दिवशी दुपारी लेकीचा फोन आला. तिचं वेल्डिंगचं छोटं वर्कशॉप होतं, आणि तिथलं धूर ओढून घेणारं यंत्र आप्पांच्याच कॉइलवर चालायचं.

"आप्पा, घाबरू नका, मी बरी आहे. मशीन पेटलं. विझवताना हात भाजलाय, कोपरापर्यंत. पट्टी बांधलीय."

आप्पांनी हातातला पाना खाली ठेवला.

"माझीच काहीतरी चूक झाली असेल," लेक म्हणाली. "वायर उलटसुलट जोडली असेन. तुमची कॉइल कशी जाईल?"

"तुझी चूक नाही, बाळ," आप्पा म्हणाले. " कॉइल सदोष होती. मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत, आणि मंगळवारपासून हे मला माहीत आहे."

लेक म्हणाली, "मंगळवारपासून?" आणि फोन ठेवला.

त्याच दुपारी आप्पांनी उरलेल्या गिऱ्हाइकांना फोन लावले. यंत्रं बंद करा, मी येतोय. दोन दिवस ते आणि सून दारोदार फिरले. ती ऐकायची, ते कॉइल उतरवून पिशवीत टाकायचे. सातपैकी चार बोलत होत्या. छापखानेवाला मित्र म्हणाला, "अरे, तुझ्या भरवशावर मी माझी माणसं तिथे उभी करतो," आणि त्याने चहाचं विचारलं नाही. आप्पांना ते बरोबर वाटलं. लेकीकडे ते रोज संध्याकाळी जात. ती पट्टी बदलू द्यायची, बोलायची मात्र मोजकं.

नववी कॉइल सापडली नाही. ती एका सायकलवरून आलेल्या माणसाने नेली होती. उंच, चष्मा, शाळेच्या प्रयोगासाठी हवीय म्हणाला होता. नाव विचारायचं राहून गेलं. आप्पांनी सुट्या भागांच्या प्रत्येक दुकानात चिठ्ठी लावली, चार शाळांत जाऊन चौकशी केली. विज्ञानाच्या बाईंनी नकारार्थी माना हलवल्या.

आता पंप काटा बघून बंद होतो, काटाही नवा आणलाय, आणि पास-नापास सून ठरवते. आप्पा वेढे घालतात. त्यांचा हात अजून पक्का आहे. पण कामात मधेच थांबून ते फाटकाबाहेर रस्त्याकडे बघतात. सायकल दिसली की उठून बाहेर जातात, चष्मा आहे का बघतात, आणि परत येऊन किती वेढे झाले होते ते सुनेला विचारतात.