दोन सावल्यांची किटली

किल्लीवाले काका चित्रकलेच्या वर्गाला जाऊ लागले, तेव्हा शेजाऱ्यांना वाटलं, दुकान बंद केलंय, वेळ जात नसेल. खरं कारण वेगळं होतं. लेक गेल्यापासून काकू तिच्याच खोलीत, तिच्या फोटोसमोरचा दिवा सांभाळत बसायच्या. एकदाही त्यांनी तो विझू दिला नव्हता. काकांना त्यांच्याजवळ बसायचं होतं, पण रिकाम्या हातांनी तिथे बसवेना. टेबल होतं त्याच खोलीत. गृहपाठाचं निमित्त बरं होतं.

आधी खोका, मग चेंडू, मग पांढरी किटली. उजेडाची बाजू कोरी सोडायची, वळणावर फिकट रेघा, पलीकडे दाट, आणि टेबलावर पडलेली सावली.

वर्गातल्या बाई लेकीच्याच वयाच्या. त्यांनी काकांचा कागद उचलून धरला.

"काका, किटली झकास. पण हिला दोन सावल्या?"

"दिसल्या तशा काढल्या."

"अहो, देवानंसुद्धा एकच सूर्य टांगलाय. तुम्ही दुसरा कुठून आणलात?"

सगळे हसले. काकाही हसले.

"दोन्हीकडून उजेड आला की वस्तूला वजन राहत नाही. बघा, किटली तरंगतेय. घरी एकच उजेड ठेवा आणि पुन्हा काढा."

संध्याकाळी काकांनी पडदे ओढले, टेबललॅम्प लावला, कागद पसरला. किटलीच्या एका अंगाला लॅम्पची सावली, दुसऱ्या अंगाला पुसट, हलती, दिव्याची. पेन्सिल हातातच राहिली.

"आज हात चालत नाही का?" काकूंनी विचारलं.

"काही नाही गं."

"बाई रागावल्या वाटतं."

"सावल्या दोन होतात म्हणे. उजेड एकच हवा."

काकूंनी फोटोकडे पाहिलं. आपण हे बोललोच कशाला, असं काकांना झालं.

"राहू दे," ते घाईने म्हणाले. "माझी किटली तरंगली तर कुणाचं काय जातंय? मी कुठे परीक्षेला बसलोय!"

काकू उठल्या. दिव्यापाशी जाऊन त्यांनी ज्योतीला तळव्याचा आडोसा केला. काका खुर्चीतून अर्धे उठले. पण फुंकर पडली नाही. दिवा उचलून त्यांनी टेबलावर आणून ठेवला आणि लॅम्प बंद केला.

इतक्या महिन्यांत फोटो पहिल्यांदाच अंधारात गेला.

त्याच्याकडे पाठ करून काकू शेजारच्या खुर्चीवर बसल्या. काका रेघा ओढू लागले.

"इथे," काकूंनी बोट ठेवलं. "किटली टेबलाला टेकते ना, तिथे सगळ्यात काळं आहे. तुम्ही फिकट ठेवलंय."

"खरंच की." काकांनी पेन्सिल दाबली. किटली टेबलावर नीट बसली.

"आणि मूठ वाकडी आलीय."

"मूठ वाकडीच आहे तिची."

काकूंच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण नजर किटलीवरच होती. चित्र पुरं झाल्यावर काकांनी दिवा परत जागेवर न्यायला हात पुढे केला. काकूंनी त्यांचं मनगट धरलं.

"थांबा जरा. अंधाराला ती कधी घाबरली नाही." मग डोळे पुसून म्हणाल्या, "मलाही एक कागद द्या."