कधीच लाल न होणारी शीट

शीट हिरवी झाली आणि सगळा वर्ग उठून उभा राहिला. म्हणजे, राहायची धडपड केली. त्या खोलीत सकाळी शाळकरी मुलांची शिकवणी चालायची आणि बाकं त्यांच्याच मापाची होती. एकदा गुडघे आत अडकवले की शेजारचा उठल्याशिवाय सुटका नाही. मी भिंतीकडे, मांडीवर झोपलेली माझी लेक चिमणी, आणि वाटेच्या बाजूला सासूबाई. त्या उठतील तेव्हाच मी उठणार. घरी तरी वेगळं काय होतं म्हणा!

"अकरा टक्के! अहो, अकरा टक्के नफा!" पुढच्या बाकावरचे बेकरीवाले ओरडले. आत्ताआत्तापर्यंत त्यांच्या लॅपटॉपवर वरपासून खालपर्यंत लालच लाल होतं.

"मी काही केलं नाही, मंडळी," गुरुजी हात जोडून म्हणाले. "मी निमित्तमात्र."

वर्गाची जाहिरात अगदी साधी होती: आपल्या शेअर गुंतवणुकीचा हिशेब ठेवणारी शीट स्वतः बनवायला शिका. सुरुवातीला आम्ही खरोखर शिकलो. रकाने आखले. शेअरचं नाव, किती घेतले, खरेदीची किंमत, आजची किंमत, आणि शेवटी नफा-तोटा. नफा असला की आकडा हिरवा, तोटा असला की लाल. सासूबाईंना टायपिंग जमेना, म्हणून त्यांची लेखनिक मी. गुरुजींनी सुचवलेले शेअर प्रत्येकाने थोडेथोडे घेतले, आणि बघता बघता सगळ्यांच्या शीटा लाल झाल्या.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, माझा अंदाज चुकला. गुरुजी म्हणाले, "शेअर पडलेले नाहीत. तुमची श्रद्धा पडली आहे. आकडा हा ऊर्जेचा देह असतो. शंका घेतली की तो लाजतो, आणि लाजला की लाल होतो."

मला हसू फुटलं. आजूबाजूला पाहिलं तर लोक हे वहीत उतरवून घेत होते.

म्हणून आज 'शीट-जागृती' होती. गुरुजींच्या गळ्यात लॉकेटसारखा पेनड्राइव्ह. "डोळे मिटा. श्वास आत. तोटा बाहेर." सगळ्यांनी डोळे मिटले. मी नाही मिटले. मूल सोबत असताना परक्या खोलीत मी डोळे मिटत नाही. गुरुजी एकेका लॅपटॉपपाशी आले, पेनड्राइव्ह लावला, खरेदीच्या रकान्यात काहीतरी चिकटवलं आणि पुढे सरकले. डोळे उघडले तेव्हा सगळं हिरवंगार.

"आता नियम ऐका. जागृत शीटला बोट लावायचं नाही. फक्त रंग बघायचा. आणि ज्यांना माझ्या सिद्ध निधीत पैसे गुंतवायचे आहेत त्यांनी चेक काढून ठेवा. दार उद्यापासून बंद."

सासूबाईंनी पर्स उघडली. त्या चेकमध्ये त्यांच्या सरकारी दवाखान्यातल्या अख्ख्या नोकरीची पुंजी होती. नर्स म्हणून रात्रपाळ्या करून साठवलेली. त्यापलीकडे आमच्या घरात काही शिल्लक नव्हतं. नवऱ्याचा पगार घरभाड्यात जायचा आणि मी चिमणीसाठी नोकरी सोडलेली. पैसे त्यांचे, निर्णय त्यांचा. मी कोण बोलणार?

मी नुसती शीटकडे बघत बसले. पहिलाच शेअर. आजची किंमत अडीचशे. खरेदीची किंमत दोनशे पंचवीस.

"आई," मी हळूच म्हणाले, "हा आपण तीनशे चाळीसला घेतला होता ना? मीच टाइप केलं होतं."

"गप गं. शंका घेऊ नकोस, लाल होईल."

"आजचा भाव बदलेल, आई. पण घेतलेली वस्तू कितीला घेतली, ते नंतर कसं बदलेल?"

त्यांनी पेन उघडलं नाही.

मी त्या चौकोनावर क्लिक केलं. वरच्या पट्टीत तीनशे चाळीस हा आकडा नव्हताच. तिथे सूत्र होतं: आजची किंमत गुणिले शून्य पूर्णांक नऊ. खालच्या चौकोनात तेच. त्याच्याखाली तेच.

"ताई, बोट लावू नका म्हटलं होतं!" गुरुजी आमच्या बाकापाशी येऊन उभे राहिले. बाहेर पडायची एकमेव वाट, तीही अडली. "तुम्ही नोकरी सोडलीत ना? मनात भीती बसली आहे. ती या माउलीच्या भाग्याआड येते आहे."

सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघू लागला. चिमणी जागी होऊन रडायला लागली. गुरुजींशी बोलायचं धाडस होईना, म्हणून मी सासूबाईंशीच बोलले.

"आई, तुमच्या वॉर्डात सगळ्याच पेशंटचा ताप अगदी सारखा दाखवणारा थर्मामीटर असता, तर तुम्ही काय केलं असतं?"

"फेकला असता," त्या पटकन म्हणाल्या. मग चष्मा वर सरकवून त्यांनी नफ्याचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला. सगळीकडे अकरा टक्के. "अगं, सगळ्यांना सारखाच कसा?"

"आजची किंमत एक टाकून बघा. समजा, कंपनी बुडाली."

"माउली, अनर्थ होईल!" गुरुजी ओरडले.

सासूबाईंनी एका बोटाने एक टाइप केला. खरेदीची किंमत आपोआप नव्वद पैशांवर उतरली. नफा अकरा टक्के. हिरवा.

"म्हणजे सगळं बुडालं तरी हे हिरवंच?" त्यांनी विचारलं.

"ही शक्तीची लीला आहे..."

"ही नव्वद टक्क्यांची लीला आहे," मी म्हणाले. "आज जो भाव असेल त्याहून कमी भावात घेतलं असं ही शीट स्वतःच लिहिते. आपण तीनशे चाळीसला घेतलं, आज अडीचशे. प्रत्येक शेअरमागे नव्वद रुपयांचा तोटा. मंडळी, तुम्हीही क्लिक करून बघा."

दोनतीन बोटं पुढे सरकली. बेकरीवाल्यांचं मात्र जागच्या जागीच राहिलं.

"राहू द्या हो ताई," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "माझा चेक मागच्याच आठवड्यात गेला. आता निदान हिरवं तरी बघू द्या."

सासूबाईंनी चेक पर्समध्ये टाकला, चेन ओढली. "सरका," त्या गुरुजींना म्हणाल्या, आणि उठल्या. त्यांच्यामागून मी चिमणीला कडेवर घेऊन बाहेर पडले. दारातून वळून पाहिलं तर निम्म्याहून जास्त लोक तसेच बसलेले, गुडघे अडकवून.

ते लोक मूर्ख नव्हते. दिलेले पैसे माणसाला बाकात डांबून ठेवतात. म्हणून पुढे कुणी असा चमत्कार दाखवला, तर आधी एवढं विचारा: हे खोटं असतं तर कसं दिसलं असतं? खोटं असतानाही ते हुबेहूब असंच दिसणार असेल, तर त्याने काहीच सिद्ध होत नाही. आणि विचारायचं ते देण्याआधी विचारा. दिल्यावर विचारायला फार मोठं काळीज लागतं.