भिवराबाईनं बुजवलेलं धुराडं

मित्रांनो, त्या सकाळला आता वर्ष होत आलं, पण माझ्या भिंतींना सुटलेला कंप अजून पुरता थांबलेला नाही. दगडी भिंती कधी कापतात का, असं तुम्ही विचाराल. खुशाल विचारा. शिरूर कासारच्या वरच्या डोंगरात, मोरांच्या रानात एक जुना, बुटका, काळ्या दगडाचा बंगला उभा आहे ना, तो मी. मी पाहिलं ते सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

निजामाच्या राज्यात जंगलखात्यानं मला बांधलं. दगड याच डोंगराचा, चुना बैलांच्या घाण्यात मळलेला, वासे सागाचे आणि वर मंगलोरी कौलं. दोन खोल्या, पुढं व्हरांडा, मागं मोरी. आणि मोठ्या खोलीच्या भिंतीत एक शेकोटी, तिचं धुराडं थेट कौलांच्या वर निघालेलं. खालच्या गावातल्या लोकांना या शेकोटीचं भारी हसू यायचं. उन्हानं माणसं भाजून निघतात त्या मुलखात भिंतीत चूल कशाला? त्यांनी तिचं नावच 'सायबाची चूल' ठेवलं. पण पौषात एक पहाट माझ्या व्हरांड्यात काढून बघा, मग हसा.

आधी घोड्यावरून साहेब आले, मग जीपमधून आले. बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायका दुपारी माझ्या सावलीत बसून भाकरी खायच्या, तेवढीच काय ती माझी माणसांशी खरी ओळख. पुढं तालुक्याला नवं विश्रामगृह झालं आणि साहेबांना माझा विसर पडला. वीसेक वर्षं माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. वटवाघळांनी आढं धरलं. मीही मनाची समजूत घालून घेतली.

आणि एके दिवशी सुंदरराव आले. आमच्या भागात सहकारी संस्था निघावी आणि सुंदरराव तिचे चेअरमन नसावेत, असं कधी घडलेलं नाही. दूध झालं, पतपेढी झाली, आता जंगल राहिलं होतं. त्यांनी वनपर्यटनाची संस्था काढली, खात्याकडून मला चालवायला घेतलं आणि फाट्यावर पाटी ठोकली: 'ऐतिहासिक जंगल बंगला भाड्याने मिळेल. भिंतीतील शेकोटीची सोय.' मी चाटच पडलो! ज्याच्या व्हरांड्यात चपला घालून चढायची कुणाची छाती नव्हती, तो मी आता भाड्यानं? पण खरं सांगू? दोन-चार दिवसांत राग गेला. भाड्यानं का होईना, माणसं येणार होती.

माझी देखभाल करायला संस्थेनं भिवराबाईला नेमलं. खालच्या गावातली बाई, चाळिशीची, कामाला वाघीण. ती आणि तिचा नवरा बंकट दर साली दसरा झाला की ऊसतोडीला जात. सहा महिने उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत. कंबर तिची कधीच कामातून गेली होती. माझं काम मिळालं तेव्हा ती व्हरांड्यात बसून बंकटला म्हणाली, "यंदा मी घरीच ऱ्हाते. चौदा वर्सांत घरची दिवाळी बगितली न्हाई मी." तिचं सगळं त्या एका वाक्यात होतं. माझं भाडं चाललं तर तिची ऊसतोड सुटणार होती.

तिनं मला घासलं, पुसलं, सारवलं. पण त्या साली पावसानं पाठ फिरवली. पाण्याच्या शोधात मोर माझ्या मोरीपर्यंत येऊ लागले. ज्या बंगल्यात हात धुवायला पाणी नाही तो भाड्यानं कोण घेणार? पाहुणे आले नाहीत आणि भिवराबाईच्या पगाराचं नाव संस्थेनं काढलं नाही. दसरा उलटला. मुकादमाचा ट्रक गावात येऊन उभा राहिला तेव्हा ती कोयत्याला धार लावून तयार होती. डोळे मात्र लाल होते.

आता नीट ऐका मित्रांनो, कारण पुढचं सगळं यावरच आहे. आमच्याकडे तोडीला जाणारी माणसं घराला नुसतं कुलूप लावत नाहीत. सहा महिने घर एकटं राहणार, म्हणून ती घर बुजवतात. झरोक्यात चिंध्या कोंबून वर चिखल लिंपतात, खिडक्यांना बाभळीच्या काट्या लावतात, धुराचं भोकसुद्धा दगडानं झाकून टाकतात. घोरपड शिरू नये, साप-विंचू शिरू नये, वाऱ्यानं माती भरू नये म्हणून. सरकारी बंगल्याला मात्र असं कधी कुणी करत नाही. त्याला फक्त कुलूप.

भिवराबाई जायच्या आदल्या दिवशी चिखलाची पाटी घेऊन वर आली. बंकट वैतागला. "बंगल्याला कावून करायलीस एवढं? सरकारी हाय त्यो!"

"असू दे सरकारी. म्या सारवलाय न्हवं? मंग माझाच हाय."

तिनं माझे सहाही झरोके लिंपले. मोरीचं भोक बुजवलं, खिडक्यांना काट्या लावल्या. कंबर धरत कौलांवर चढली आणि धुराड्याच्या तोंडावर फरशीचा जाड तुकडा ठेवून भोवती चिखल थापला. शेवटी दाराच्या फटीही लिंपल्या. मित्रांनो, माझा ऊर भरून आला. इतक्या वर्षांत मला घरासारखं बंद करणारं पहिलं माणूस ती होती. मी त्या अंधारात सुखानं डोळे मिटले.

किल्ली तिनं संस्थेच्या सेक्रेटरीला, राधाकिशनला नेऊन दिली. बाकी काही सांगितलं नाही. दाराचं लिंपण बघून कुणालाही कळेल, असं तिला वाटलं. पण राधाकिशन बागायतदाराचा मुलगा. त्याच्या घरातलं कुणी कधी तोडीला गेलं नव्हतं. घर बुजवणं म्हणजे काय, हे त्यानं लांबून पाहिलं असेल तेवढंच.

पौषात अचानक एक पाहुणा ठरला. पुण्यात नोकरी करणारा उत्तरेश्वर, मूळचा नांदूरघाटचा. त्याची म्हातारी आई वत्सलाबाई पुण्यात कंटाळली होती, तिला आपल्या मुलखातला डोंगर बघायचा होता. सुंदररावांनी फोनवर सगळ्याला हो म्हटलं आणि राधाकिशननं भिवराबाईला निरोप धाडला, "ताबडतोब ये, न्हाईतर काम दुसरीला देतो." ती फडातून उठून मिळेल त्या एसटीनं निघाली. पण पाहुणे तिच्या आधी येणार होते. म्हणून राधाकिशननंच फावड्यानं दाराचं लिंपण फोडलं, खिडक्यांच्या काट्या ओढून काढल्या, झाडलोट केली. झरोक्यांकडे त्यानं मान वर करून पाहिलंही नाही. धुराड्याचं तर नावच नको.

पाहुणे संध्याकाळी आले, गोधड्या पांघरून झोपले. सकाळी डोंगर गारठून गेला होता. उत्तरेश्वर आणि त्याची बायको शिवकन्या मोर बघायला गेले. राधाकिशन पोतंभर बाभळीचा कोळसा घेऊन आला.

"आज्जी, शेकोटी पेटवून देतो. लई जुनी हाय, सायबाची."

"पेटव बाबा. हातपाय वाकडं झालंत माजं गारठ्यानं."

निखारे फुलले. राधाकिशन पाण्याचा टँकर बघायला खाली गेला. वानरं आत येतील या भीतीनं वत्सलाबाईंनी दाराला आतून कडी घातली, खिडक्या लावल्या आणि शेकोटीपुढं घोंगडी टाकून बसल्या.

कोळशाला धूर नसतो, मित्रांनो, असतो तो न दिसणारा विषारी वायू. म्हणूनच तो फसवतो. थोडा वेळ त्यांना बरं वाटलं. मग त्यांनी कपाळ दाबलं. "डोकं कावून ठणकायलंय," असं स्वतःशीच पुटपुटल्या. उठायला गेल्या आणि पाय जागचा हलला नाही. पुन्हा बसल्या. मान छातीवर आली. मग त्या हळूच एका कुशीवर कलंडल्या.

मी हादरलो. माझ्या छताखाली, माझ्याच शेकोटीपुढं एक माणूस मरत होतं, आणि ज्या चिखलानं मला इतकं सुख दिलं होतं तोच तिचा श्वास कोंडत होता! वरची सगळी भोकं बंद, दाराची फट काही पुरेना. कुठून तरी एक फट सुटावी म्हणून मी जीव काढत होतो, पण भिवराबाईचं काम कच्चं नसतं.

तेवढ्यात तीच आली. डोक्यावर गाठोडं, हातात कोयता, फाट्यापासून चालत आल्यानं धापा टाकत. दार बंद पाहून तिनं हाक मारली, "पाव्हणं! ओ पाव्हणं!" उत्तर नाही. तिची नजर व्हरांड्यातल्या पोत्यावर गेली. तळाशी उरलेले चार कोळसे तिनं हातात घेतले. मग ती झटक्यात अंगणात मागं सरली आणि वर पाहिलं. धुराड्यावर तिनंच ठेवलेली फरशी जशीच्या तशी होती.

"आगं माय!" ती किंचाळली. तसला आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

तिनं कोयत्यानं खिडकीचं झडप फोडलं, हात घालून अडसर काढला, आत उडी घेतली. वत्सलाबाईंना काखेत धरून दाराशी ओढलं, कडी काढली आणि बाहेर अंगणात उन्हात आडवं केलं. गालावर चापट्या मारत राहिली. "आज्जी, डोळं उगडा! उगडा वो!" बऱ्याच वेळानं म्हातारी खोकली. भिवराबाई तिथंच मातीत बसली आणि लहान पोरासारखी रडली.

वत्सलाबाई दवाखान्यात दोन दिवस राहून बऱ्या झाल्या. तिसऱ्या दिवशी उत्तरेश्वर आईला घेऊन सामान न्यायला वर आला, तेव्हा संस्थेची बैठक माझ्याच व्हरांड्यात भरली होती. सुंदररावांना पाटीची चिंता. "पाव्हण्यांनीच आतून कडी घातली," ते म्हणाले. "संस्थेचा काय दोष? तसंच लिवा." उत्तरेश्वर लालबुंद झाला. राधाकिशननं मान खाली घातली. आणि कोपऱ्यात उभी असलेली भिवराबाई पुढं आली.

"कडीचा दोस न्हाई मालक. धुराडं म्या बुजवलंतं. झरोके बी म्याच."

गप्प राहिली असती तर तिचं काम वाचलं असतं. कौलांवर चढून अजून कुणी पाहिलं नव्हतं.

"कावून बुजवलंस?" सुंदरराव ओरडले. "किल्ली ठेव हितं. आताच्या आता!"

त्या सकाळपासून तिच्याकडेच असलेली किल्ली तिनं फरशीवर ठेवली. तोडीची टोळी केव्हाच पुढच्या कारखान्यावर गेली होती, म्हणजे तिकडचं कामही हातचं गेलं. मला वाटलं, संपलं हिचं.

तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या वत्सलाबाई बोलल्या. आवाज अजून घोगरा होता. "पोरी, तोडीला जातीस का तू?"

"व्हय आज्जी."

"मी बी गेलते, वीस वर्सं. मी बी असंच घर बुजवायची. त्यात चूक न्हाई तुजी. पर जाताना शेजारणीला सांगून जायची, काय काय बुजवलंय ते. तू कुणाला सांगितलंस?"

भिवराबाईनं वर पाहिलं. "कुणाला सांगू आज्जी? बंगल्याला शेजार कुठं हाय?"

मित्रांनो, मला त्या सकाळपेक्षाही मोठा धक्का त्या प्रश्नानं बसला. इतके साहेब आले, इतकी कुलपं लागली, आता पाटीही लागली. पण मला शेजार नाही, हे माझ्यासुद्धा कधी लक्षात आलं नव्हतं.

"किल्ली घेताना म्या तरी कुठं इचारलं," राधाकिशन हळूच म्हणाला.

वत्सलाबाईंनी किल्ली उचलून सुंदररावांपुढं धरली. "चेअरमनसायब, या बंगल्यात अजून काय काय बुजलेलं हाय, ते हिच्याबिगर कुणाला ठाव हाय? मंग किल्ली कुणाला देणार तुमी?"

सुंदररावांनी मिशीवरून हात फिरवला. मग किल्ली भिवराबाईच्या हातात पडली. त्याच दुपारी तिनं माझं एकेक भोक मोकळं केलं, आणि राधाकिशननं शिडी धरली.

यंदाही पाऊस रुसला. दसऱ्यानंतर भिवराबाई पुन्हा तोडीला गेली. तिची घरची दिवाळी हुकली ती हुकलीच. पण मला पुन्हा बुजवून झाल्यावर, जाण्याआधी डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीवरल्या मुक्ताबाईला ती हाताला धरून वर घेऊन आली. मुक्ताबाईचे गुडघे धरलेले, ती कधी कुठं जात नाही. भिवराबाई एकेक जागा दाखवत गेली, "ह्यो झरोका. ह्ये मोरीचं भोक. आन् वर धुराडं, फरशी हाय त्याच्यावर." मुक्ताबाईनं प्रत्येक ठिकाणी हात लावून पाहिला आणि पाठ केल्यासारखं मागून म्हटलं.

म्हणून सांगतो मित्रांनो, माझ्यासारखे जुने बंगले जरूर भाड्यानं घ्या. या, राहा, मोर बघा, शेकोटीपुढं बसा. फक्त आत पाऊल टाकण्याआधी विचारा, हे दार शेवटचं कुणी बंद केलं होतं? ते माणूस सापडेपर्यंत काडी ओढू नका. आमच्या पोटात काय कोंडलेलं आहे ते त्यालाच ठाऊक असतं. आम्हा घरांना दार असतं, खिडक्या असतात, तोंड नसतं. असतं, तर त्या सकाळी अख्खा डोंगर जागा होईल एवढ्यानं मी ओरडलो असतो.